फक्कीच्या आतले बेडूक

आमच्या आप्पांना दुकानात कोणी विचारलं, "थोरली काय करते?" की ते आधी कपाळावरच्या विभूतीला हात लावतात, मग तराजूकडे बघतात आणि मग सांगतात, "नांदेडला असते. कॉलेजात." विचारणारा एवढ्यावर थांबला तर ठीक. पण औशाच्या बाजारात एवढ्यावर थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. "काय शिकविते?" हा पुढचा प्रश्न येतोच. मग आप्पा समोरच्या तुरीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालतात आणि पोत्यालाच सांगितल्यासारखं म्हणतात, "बेडूक."

यात त्यांची चूक नाही. मला त्यांनी मोठ्या उमेदीने लातूरला क्लासला घातलं होतं. रोज सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. गल्लीने माझं नाव आधीच 'डॉक्टरीण' ठेवून टाकलं होतं. परीक्षेला ते मान्य झालं नाही. मग बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली आणि शेवटी बेडकांवर पीएच.डी. केली तेव्हा मी रीतसर डॉक्टर झाले. गल्लीने त्यातला तेवढाच शब्द उचलला. आजही माहेरी गेले की शेजारच्या गंगाआत्या गुडघ्याचा एक्स-रे घेऊन हजर.

"आत्या, मी बेडकांची डॉक्टर आहे हो."

"आसू दे की. गुडघा तर बेडकाला बी आसतोच."

आत्यांचा गुडघा आणि बेडकाचा गुडघा एकाच घराण्यातले आहेत, हेच तर मी वर्गात पंचवीस वर्षं शिकवत आले. फक्त आत्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत ते मला इतकं सोपं वाटलं नव्हतं.

या अंकासाठी "तुमच्या कामाविषयी लिहा" असं सांगणं आलं तेव्हा आधी मी सगळी वर्षं मांडायला बसले. दोन पानांतच मला जांभई आली, तर वाचणाऱ्याचं काय होईल? म्हणून ते बाजूला ठेवलं. मी एका खड्ड्याविषयीच लिहिते. तो मी खणला नाही, पण तो माझ्यामुळे खणला गेला.

आधी थोडं बेडकाविषयी. आपल्याला बेडूक म्हटलं की डबकं आठवतं. माझा बेडूक मातीतला. अंगाने गोल, तोंडाने बोथट, रंगाने ढेकळासारखा. वर्षातले आठ-नऊ महिने तो जमिनीखाली झोपून काढतो. मागच्या दोन्ही पायांच्या तळव्यांना त्याला एकेक टणक उंचवटा असतो, छोट्या खुरप्यासारखा. त्याने तो मागच्या मागे माती उकरतो आणि उलटा आत जातो. तोंड शेवटपर्यंत तुमच्याकडे. आधी पाठ जाते, मग पोट, आणि सगळ्यात शेवटी दोन डोळे. दरबारातून पाठ न दाखवता मागे सरणाऱ्या माणसासारखा तो निरोप घेतो. पाऊस झाला की वर येतो, ओरडतो, अंडी घालतो, वाळवी खातो आणि परत खाली. आमच्या घरातल्यांच्या मते मीही साधारण असंच जगते, फक्त वाळवी तेवढी खात नाही.

माझी पहिली वर्षं किनवटच्या जंगलात गेली. तिथल्या मातीतल्या बेडकांचे आवाज टिपायचे, मापं घ्यायची आणि एका बोटाचं अगदी टोक, तांदळाच्या कणीएवढं, बाटलीत घ्यायचं. त्या कणीतून बेडकाची वंशावळ निघते. वनखात्याच्या परवानगीची फाइल पाठीवरच्या पिशवीत असायची, आणि ती बेडकांपेक्षा जड होती.

किनवटला मी एक गोष्ट शिकले आणि विसरले. एकदा ओढ्याकाठी टेप लावून जागा मोजत होते. तासाभरात अर्धं गाव गोळा झालं. शेवटी एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, धरण येऊन राहिलं का?" मी म्हटलं, "नाही हो, बेडूक मोजतेय." त्याचा विश्वास बसला नाही. कसा बसेल? बेडूक मोजायला सरकार कशाला बाई पाठवेल? जाताना तो म्हणाला, "काय मोजायचं ते मोजा, पन जमिनीवर रेघ मारू नका. रेघ दिसली की आमाला जेवन जात न्हाई." मी ते वहीत गंमत म्हणून लिहून ठेवलं. गंमत म्हणून लिहिलेल्या गोष्टी आपण पुन्हा वाचत नाही.

पुढे सुट्टीत माहेरी आले असता आप्पांच्या दुकानात दत्तामामा भेटले. खरे मामा नव्हेत. औशाजवळच्या एका गावचे शेतकरी, वर्षानुवर्षं तूर आप्पांनाच घालणारे. मी लहान असल्यापासून ते मामा. आप्पांनी पोत्यात हात घालायच्या आत मीच सांगून टाकलं की मी मातीतले बेडूक शोधते.

"मंग आमच्या नाल्याकाठी या की," मामा म्हणाले. "मुरमाड तुकडा हाय. नांगरताना निगत्यात. गोल गोल. आमी लहान होतो तवा बटाटा म्हनून एकमेकाच्या खिशात टाकायचो."

नाल्याच्या कडेला, काळ्या रानाच्या शेवटी, मुरूम आणि वाळू मिसळलेली ती पट्टी होती. तीन-चार खोल्यांचं घर बसेल एवढीच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आवळते. तिच्यात हा बेडूक टिकत नाही. त्याला भुसभुशीत जागा लागते. म्हणजे काळ्या रानाच्या समुद्रात हे मुरमाचं एक बेट, आणि त्यावर ही मंडळी. किती पिढ्या इथेच असतील कोण जाणे. पाऊस पडल्यावर मी त्यांचा आवाज टिपला आणि तो ऐकून खुर्चीत सरळ बसले. किनवटचा बेडूक आणि हा बेडूक शेजारी ठेवले तर मलासुद्धा ओळखू येणार नाहीत, पण आवाज वेगळा. किनवटचा भराभर बोलणारा, हा थांबून थांबून.

मी हे आप्पांना समजावून सांगायला लागले. वंश, फारकत, लाखो वर्षं, सगळं. त्यांनी मला अर्ध्यात थांबवलं.

"म्हंजे दोन गावच्या तुरी," ते म्हणाले. "दिसायला सारख्या, शिजायला येगळ्या."

माझ्या प्रबंधातल्या तिसऱ्या प्रकरणाची चाळीस पानं त्यांनी एका वाक्यात आटोपली होती.

पुढची पाच वर्षं मी त्या पट्टीवर जात राहिले. तिथल्या प्रत्येक बेडकाच्या डाव्या मागच्या पायाच्या एका बोटाचं टोक माझ्या बाटल्यांत जमा झालं. तुटलेलं टोक पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, म्हणून ती आमची खूणही असते. मामींना हे अजिबात पटायचं नाही. "आप्पाची लेक, शिकली-सवरली, आन बेडकाची बोटं कापीत हिंडती," असं त्या माझ्यासमोरच मामांना सांगायच्या आणि मग मला ताटात दुसरी भाकरी वाढायच्या.

चार वर्षांपूर्वी मामांनी शेततळं घ्यायचं ठरवलं आणि जागा निवडली ती हीच पट्टी.

त्यांच्या बाजूने विचार केला तर दुसरी जागाच नव्हती. त्या मुरमात पीक येत नाही. तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरायचा असतो, त्यामुळे पाणी मुरायची भीती नाही. निकामी जागा तळ्यात गेली, चांगलं रान वाचलं. कोणताही शहाणा शेतकरी हेच करेल. मी मात्र मामांच्या ओसरीवर बसून दोन तास बोलले. ही एवढीच जागा आहे, ही गेली तर हे बेडूक इथून संपले, आणि हे कदाचित जगात दुसरीकडे नसतील.

मामा तंबाखू मळत ऐकत होते. मामी आतून म्हणाल्या, "आन आमचं काळं रान जगात दुसरीकडं हाय का?"

मामींचा मुद्दा माझ्यापेक्षा बळकट होता.

मग मामा म्हणाले, "बाई, ह्ये बेडूक सातबाऱ्यावर न्हाईत. पन आमच्या आज्याच्या आधीपासून हायेत, ह्ये बी खरं हाय. तळं वरच्या कोपऱ्यात घेऊ."

वरचा कोपरा म्हणजे काळं रान. सोयाबीन आणि तूर येणारं. हे काय दिलं जातंय ते मला कळत होतं. कळत होतं म्हणून मी ठरवलं की आता काम पक्कं करायचं, कुठे गडबड होऊ द्यायची नाही. माझ्यासारख्या विसराळू माणसाने काम पक्कं करायचं ठरवलं की समजावं, काहीतरी बिघडणार.

तळ्याच्या नव्या जागेवर मामांनी चार खुंट्या ठोकल्या. गवतात त्या दिसतही नव्हत्या. मी म्हटलं, असू द्या, बेडकांची जागा आपण नीट दाखवू. कॉलेजच्या क्रीडा विभागातून मी अर्धं पोतं फक्की आणली. फक्की म्हणजे धावण्याच्या स्पर्धेआधी मैदानावर रेघा मारायची ती पांढरी भुकटी. दोरी लावून मी त्या पट्टीभोवती सुंदर चौकोन आखला. चारही कोपऱ्यांवर काठ्या रोवून लाल फडकी बांधली. लांबून फोटो काढला. इतका देखणा चौकोन माझ्या हातून आयुष्यात झाला नव्हता. मला रांगोळीसुद्धा येत नाही. मामांना बजावून सांगितलं, "या पांढऱ्या रेघेच्या आत कोणाला पाऊल टाकू देऊ नका." आणि समाधानाने परीक्षेच्या कामाला नांदेडला निघून गेले.

खोदाईचं मशीन चार दिवसांनी यायचं होतं. दुसरीकडचं काम रद्द झालं म्हणून ते दोन दिवस आधीच आलं. मामा त्या दिवशी उदगीरला लग्नाला गेलेले. फोन लागत नव्हता. घरी मामी एकट्या. मशीनवाल्याने विचारलं, "कुठं खनायचं?" मामींना मामांनी सांगून ठेवलं होतं तेच त्यांनी सांगितलं, "खुना करून ठेवल्यात, शेतात बगा."

आता वाचणाऱ्यानेच सांगावं. शेतात एकीकडे गवतात बुडालेल्या चार खुंट्या आणि दुसरीकडे पांढऱ्याशुभ्र फक्कीचा चौकोन, लाल झेंड्यांसकट. आपल्या सगळ्या मुलखात घराचा पाया असो, विहीर असो की गटार, फक्कीचा अर्थ एकच: इथे खणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला. "बाई, या तुमी," एवढंच म्हणाले. मी नांदेडहून लातूर, लातूरहून औसा आणि पुढे रिक्षा असं करत पोचले तेव्हा दुपार झाली होती. चौकोन खणून झालेला होता. मी आखला होता तेवढाच, कडा सरळ, कोपरे काटकोनात. शेजारी मातीचा ढीग, आणि मशीनवाला सावलीत डबा खात बसलेला.

मी त्याच्यावर जे तोंड सोडलं ते आज आठवलं तरी लाज वाटते. वर्गात पोरं माझ्यासमोर मोबाईलवर खेळतात तेव्हाही मी आवाज चढवत नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तो उठला, हात धुतला. माझ्याच वयाचा असेल. बालाजी त्याचं नाव. म्हणाला, "मॅडम, वीस वर्सं झाली मशीन चालवतो. फक्की दिसली की मी इचारत न्हाई. आन बगा तुमी, टेप लावा. एक बोट इकडं न्हाई की तिकडं न्हाई."

त्याच्या आवाजात नुसता खुलासा नव्हता, कामाचा अभिमानही होता. आणि तो बरोबर होता. त्याने माझी आज्ञा मी लिहिली होती त्या भाषेत वाचली आणि तंतोतंत पाळली. चूक एवढीच होती की ती भाषा मला येत नव्हती. किनवटच्या म्हाताऱ्याने मला ती फुकट शिकवली होती.

मी ढिगाच्या कडेला बसले. मामी जवळ आल्या. पदर खोचला आणि हाताने माती चाळायला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ह्यो बग. जिता हाय."

त्यांच्या तळहातावर मातीचा एक गोळा होता, आणि गोळ्याला डोळे होते.

मग बालाजी मशीनवर चढला. मला वाटलं, निघाला. पण त्याने त्या अवजड बकेटने ढिगावरची माती एवढी थोडी उचलली आणि रिकाम्या जागेवर पातळ पसरली. पुन्हा उचलली, पुन्हा पसरली. घरी आपण ताटात तांदूळ पसरतो ना निवडायला, तसं. मामी, मी आणि मामा तिघं वाकून बेडूक वेचत होतो. ओल्या मातीच्या घमेल्यात ठेवत होतो, वर गोणपाट. काही मेलेले निघाले, काही चिरडलेले. ते मी वेगळे ठेवले, मोजले आणि त्यांचा आकडा इथे लिहीत नाही. जिवंत निघाले ते एका घमेल्यात मावले.

ते सोडायचे कुठे, हा प्रश्न होता. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की प्राणी उचलून दुसरीकडे ठेवणं म्हणजे वाचवणं नव्हे. तिथे त्यांचं काय होईल ते आपल्याला माहीत नसतं. त्या दिवशी मी माझंच ऐकलं नाही. नाल्याच्या वरच्या अंगाला, मामांच्या बांधावर, बाभळीखाली थोडी भुसभुशीत माती होती. तिथे एकेक ठेवला. ते बेडूक मागच्या मागे मातीत शिरायला लागले, आमच्याकडे बघत. बालाजी उकिडवा बसून बघत होता. "वीस वर्सं खनून ऱ्हायलो," तो म्हणाला, "पन उलटं खननारं मशीन आजच बगितलं."

संध्याकाळी ओसरीवर मामांनी माझ्याकडे न बघता एक वाक्य म्हटलं. "तळं मला पायजे तितंच झालं. काळं रान वाचलं. माजं काईच नुकसान झालं न्हाई, त्येचंच वाईट वाटायलंय."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. पाऊस झाल्यावर मी बाभळीखाली जाऊन बसले. दुसऱ्या जातींचे बेडूक ओरडले, माझा ओरडला नाही. पुढच्या वर्षीही नाही. तळ्यात पाणी भरलं. प्लास्टिकच्या उतारावर कुठलाच बेडूक चढू शकत नाही. पडला की पोहून पोहून मरतो. त्यावर मामींनी उपाय केला. जुन्या लुगड्यांना गाठी मारून त्यांचे पट्टे चारही बाजूंनी पाण्यात सोडले, शिडीसारखे. माझ्या संशोधनातून त्या गावाला मिळालेला ठोस लाभ विचाराल तर तो मामींची जुनी लुगडी हा आहे.

आणि मग प्रयोगशाळेतून बोटांच्या टोकांचा निकाल आला. औशाचा बेडूक किनवटच्या बेडकापासून वेगळा निघाला. किती वेगळा हे नक्की सांगायला, त्याला स्वतःचं नाव द्यायला, आणखी बेडूक हवे होते, जिवंत, तिथलेच. यावर मी लिहिलेला लेख ज्या तज्ज्ञांनी तपासला त्यांनी सौजन्याने लिहिलं की लेखिकेने त्या ठिकाणी पुन्हा जाऊन नमुने गोळा करावेत. त्या ठिकाणी आता दोन पुरुष पाणी होतं. लेख कपाटात ठेवला.

या काळात एक नवीन प्रकार सुरू झाला. बालाजीचे फोन. त्याने माझा नंबर 'बेडूक मॅडम' म्हणून ठेवला होता. "मॅडम, निलंग्याकडं हाय, विहिरीत चार फुटावर एक निगाला, फोटो टाकलाय." "मॅडम, मुखेडच्या रस्त्यावर हाय, ह्यो काळा हाय, आपला न्हाई वाटतं." 'आपला' म्हणायचा. मी पावसाळ्यात टॉर्च घेऊन जे आयुष्यभर शोधलं ते हा भर उन्हाळ्यात, उघड्या दुपारी शोधत होता, कारण जमिनीखाली झोपलेल्या जीवाला पहिल्यांदा भेटतं ते मशीनच. माझ्या नकाशावर त्याने टाकलेले ठिपके आज माझ्या स्वतःच्या ठिपक्यांपेक्षा जास्त आहेत. सगळे मात्र दुसरे. त्या थांबून थांबून बोलणाऱ्याचा एकही नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मी औशाला होते. दुकानात आप्पांसमोर बसून तूर निवडत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, मामाच्या गावात हाय. नाल्याच्या पल्याड. गोठ्याचा पाया खनून ऱ्हायलो. एक निगालाय."

"फोटो टाक."

"फोटो ऱ्हाऊ द्या. मागच्या डाव्या पायाचं बोट तुटकंय."

मी उठले तेव्हा मांडीवरची तूर दुकानभर सांडली. आप्पा म्हणाले, "जा तू, मी येचतो." त्यांना न सांगताच काय ते कळलं होतं.

नाल्याच्या पलीकडचं रान मामांच्या भावकीतल्या एकाचं. तिथे मुरमाचा एक तुकडा आहे हे मला नऊ वर्षांत कळलं नव्हतं. मी कधी नाला ओलांडलाच नव्हता. पोचले तेव्हा मशीन बंद, बालाजी हातात घमेलं धरून उभा, मामा धोतराचा सोगा धरून नाल्यातून येत होते आणि गोठ्याचा मालक बाजूला कंबरेवर हात ठेवून तापलेला.

"मॅडम आल्या? झालं का बगून? खनू द्या की आता," मालक म्हणाला.

घमेल्यात तो होता. माझा. बोट बघितलं, दोनदा बघितलं. कापलेल्या टोकाशी कातडी वळून गुळगुळीत झालेली. बाभळीपासून इथपर्यंत तो कधी आला, कसा आला, नाला कसा ओलांडला? त्याला विचारता आलं असतं तर मी बाकी सगळं शास्त्र सोडून दिलं असतं. आम्ही त्याच्यासाठी जागा निवडली होती. त्याने ती नापसंत केली आणि स्वतःची निवडली.

"अजून दोन खाली दिसले," बालाजी हळूच म्हणाला. "त्यांची बोटं हायेत. सगळी. म्हंजे नवे."

म्हणजे इथे पिल्लं झाली होती. मी घमेल्याच्या काठाला धरून बसले. नमुना म्हणून यातला एक उचलून न्यायचा, मारून स्पिरिटच्या मोठ्या बाटलीत घालायचा, त्याशिवाय शास्त्रात नाव मिळत नाही. हे माझं काम आहे आणि ते मी कितीतरी वेळा केलं आहे. कपाटातला लेख डोळ्यांसमोर होता. त्या दोघांच्या बोटांचं टोक मी घेतलं. मोठी बाटली पिशवीतच राहिली. आणखी दिसू देत, मग बघू. नाव वर्षभर थांबेल. इतकी वर्षं तो बिननावाचाच तर होता.

मालक पुन्हा म्हणाला, "अवो, गोठा बांधायचाय मला. पाऊस येईल."

मी काही बोलायच्या आत मामा पुढे झाले. "का रे, तुजी म्हैस दहा हात तिकडं बांदली तर दूध आटंल का तिचं?"

"पन पाया आखलाय ना इथं, काका."

"मंग पूस. फक्कीच हाय, काय देवाचं लिखान हाय?"

तो बराच वेळ पुटपुटला. भावकीत काका मोठे होते आणि जागेला तोटा नव्हता, हे आमचं नशीब. शेवटी त्याने आपल्याच हाताने आखलेली रेघ पायाने पुसली.

मी तिघांना मोकळ्या मातीवर ठेवलं. आधी नवे दोघे गेले. तुटक्या बोटाचा तेवढा जरा वेळ बसून राहिला, मग मागचे पाय हलवायला लागला. आम्ही चौघं वाकून बघत होतो. पाठ गेली, पोट गेलं, डोळे तेवढे उरले.

बालाजीला राहवलं नाही. गोठ्यासाठी आणलेल्या फक्कीच्या पोत्यात त्याने मूठ घातली आणि मोठ्या काळजीने म्हणाला, "मॅडम, खूण ऱ्हावी म्हनून भोवतीनं एक रेघ मारू का?"

"नको!" मी आणि मामा एकदमच ओरडलो.

आवाजाने डोळेही आत गेले.